एकोणिसावी सही

आमच्या जिन्यावर, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, भिंतीवर निळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं आहे: 'पायरी सातवी. अर्धा इंच कमी. नो-गो.' मागच्या वर्षी जिन्याला रंग काढला तेव्हा मी रंगाऱ्याला म्हटलं, तेवढं सोड. तो म्हणाला, "मॅडम, खराब दिखेगा." म्हटलं, दिसू दे. कारण सांगत बसले असते तर त्याच्या डब्यातला रंग वाळला असता.

ते लिहिणाऱ्या गृहस्थांना बिल्डिंगमध्ये सगळे तोंडावर 'काका' म्हणत आणि पाठीमागे 'नोगोकाका'. अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात त्यांनी पस्तीस वर्षं काढली होती. घरात टेबलावर पोलादाची एक बोटभर दांडी असे. कारखान्यात एखादा भाग तयार झाला की त्याच्या भोकात ही दांडी घालून बघायची. एक टोक आत गेलं पाहिजे, ते 'गो'. दुसरं आत जाता कामा नये, ते 'नो-गो'. दोन्ही जमलं तर भाग पास, नाहीतर भंगारात. "मधलं काही नसतं, ताई," ते मला सांगत. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण तपासायला काहीतरी हवंच होतं. मग आम्ही होतो.

मी राहायला आले त्याच आठवड्यात ते मला जिन्यात भेटले. फूटपट्टी घेऊन पायरीवर बसले होते. सत्तरीचे, बारीक चणीचे, शर्टाच्या खिशात एक निळी आणि एक लाल पेन्सिल. म्हणाले, "या पायरीवर तुम्ही अडखळणार." मी म्हटलं, मी काय आंधळी आहे? तिसऱ्या दिवशी अडखळले. हातातल्या दह्याचा सडा वरपासून खालपर्यंत. ते वर उभे होते, पण हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "सांगितलं होतं." मला त्यांचा पहिला राग तेव्हा आला. नंतर बरेच आले.

बिल्डिंगच्या ग्रुपवर कोणी सकाळी फुलांचं चित्र टाकून 'शुभ सकाळ' म्हटलं की काकांचं उत्तर येई: 'आपला संदेश सहा दहाचा आहे. आज सूर्योदय सहा अठ्ठावीसला होता.' भाजीवाल्याकडची मेथीची जुडी ते उलगडून बघत आणि परत तशीच बांधून देत, इतकी नीट की भाजीवाला म्हणे, काका, तुम्हीच बसा गाडीवर. कोणाच्या घरी चहाला गेले तर कप उचलून आधी बूड बघत. माझा नवरा म्हणायचा, "यांची बायको सुटली बिचारी." आम्ही सगळे समजून चाललो होतो की बायको वारली आहे. तसं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

आमची बिल्डिंग बदलापुरात, सोनिवलीच्या बाजूला. छत्तीस घरं. माहितीपुस्तकात बिल्डिंगच्या पूर्वेला बाग दाखवली होती, झोपाळे, घसरगुंडी, एक म्हातारं जोडपं बाकावर. प्रत्यक्षात तिथे तण होतं आणि तणाखाली आमची पाण्याची टाकी. तीन वर्षं आम्ही बिल्डरला, म्हणजे शेठना, विचारत होतो की सोसायटी कधी करून देता. शेठ गोड माणूस. "पुढच्या वर्षी करू," म्हणायचे. मग एक दिवस कामावरून आले तर त्या तणावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या. एकाने मोजून सांगितलं, सात मजल्यांची आणखी एक विंग येतेय. टाकीच्या डोक्यावर.

आम्ही शेठच्या ऑफिसात गेलो. तिथल्या पोऱ्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर: तुम्ही कोण? जमीन अजून शेठच्या नावावर. तुम्ही छत्तीस माणसं म्हणजे छत्तीस सुटी माणसं. नगरपालिकेतही तेच ऐकलं. संस्था असती तर संस्थेची हरकत घेतली असती. नाही ना? मग या.

त्या रात्री पार्किंगमध्ये सभा झाली आणि काका मुख्य प्रवर्तक झाले, म्हणजे संस्था नोंदवायच्या अर्जाचे म्होरके. दुसरं कोणी तयारच नव्हतं. मला त्यांनी हाताशी घेतलं, कारण मी अंबरनाथच्या एका शाळेच्या ऑफिसात आहे. जावक नंबर टाकल्याशिवाय माझ्या हातून कागद बाहेर जात नाही. एवढ्या एका गुणावर त्यांनी मला पास केलं होतं.

निबंधक कार्यालयातून संस्थेचं नाव राखून घ्यावं लागतं. ते तीन महिने आपलं. तेवढ्यात अर्ज गेला नाही तर सगळं पहिल्यापासून. आम्ही नावावरच आधी महिनाभर भांडलो. एकाला साई हवे होते, एकाला स्वामी, एकाला इंग्रजीत काहीतरी हिरवं. काका म्हणाले, सर्व्हे नंबरच नाव ठेवा, तपासायला सोपं. शेवटी कंटाळून 'शेजार' ठरलं आणि नाव मंजूर झालं. तीन महिने सुरू.

अर्ध्याहून जास्त घरांच्या सह्या हव्यात, म्हणजे छत्तिसांत एकोणीस. आमच्याकडे एकवीस झाल्या. उरलेल्या पंधरांत काही घरं शेठच्या नात्यातल्यांची, बाकीचे तळ्यात-मळ्यात, कारण शेठनी त्यांना छपराखालचं पार्किंग देऊ केलं होतं. आम्ही एकवीसवर खूश होतो. काका खूश नव्हते. त्यांना प्रत्येक घराच्या कराराची झेरॉक्स हवी होती. लोक आज देतो, उद्या देतो म्हणत, कारण करार बँकेच्या लॉकरात आणि लॉकरची चावी सासूकडे. नावाची मुदत संपायला नऊ दिवस उरले तेव्हा शेवटची झेरॉक्स आली.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी दारात काका. हातात फाइल, चेहरा कोरा.

"ताई, हे घर कोणाचं?"

"आमचं."

"आमचं म्हणजे?"

माझा नवरा आतून आला. "काय झालं काका?"

"तुम्ही अर्जावर सही केली आहे," काका त्याला म्हणाले. "का केलीत?"

"म्हणजे? माझं घर आहे."

काकांनी करार उघडून बोट ठेवलं. करारावर फक्त माझं नाव होतं. बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, म्हणून घेताना माझ्या नावावर घेतलं आणि विसरून गेलो. तीन वर्षं नवरा 'माझं घर' म्हणत होता आणि मीही त्यालाच 'तुझं घर' म्हणत होते. सभेला तो गेला, भांडायला तो गेला, सही त्याने केली. मी तेव्हा वर भाजी चिरत होते.

"सही म्हणजे त्या माणसाची हजेरी," काका म्हणाले. "तुम्ही गैरहजर आहात, ताई."

असं एकच घर नव्हतं. एकवीसपैकी सात घरं बायकांच्या नावावर होती आणि सातही ठिकाणी नवऱ्यांनी आनंदानं सह्या ठोकल्या होत्या. शेठचे वकील हे पहिल्या पाच मिनिटांत काढणार होते. सात गेल्या की उरल्या चौदा. हवेत एकोणीस. हातात आठ दिवस.

मी तिथेच सही केली. माझा नवरा चार दिवस फुगून बसला, तो वेगळा विषय. मग मी आणि काका घरोघर फिरलो. तीन बायकांनी लगेच सह्या दिल्या. त्यातल्या एकीने सही करण्याआधी करार हातात घेऊन आपलं नाव दोनदा वाचलं. म्हणाली, "मला वाटलं होतं यांनी नुसतं सांगण्यापुरतं घातलंय." एका घरात दार अर्धंच उघडलं. आतून बाई म्हणाली, "हे बघतील ते." पण 'हे' आदल्या दिवशीच शेठकडे जाऊन पार्किंगची चावी घेऊन आले होते. दुसऱ्या घरी तर "बायकांना कागदात कशाला ओढता?" असं वर ऐकून घ्यावं लागलं.

चौदा आणि चार, अठरा. जिन्यात उभं राहून मी हिशेब केला.

"दोन गेली. चार मिळाल्या. सातवं घर कुठलं, काका?"

ते फाइलची फीत बांधत होते. "पाचशे चार."

"पाचशे चार तुमचंच की."

"माझं नाही. तिचं."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी पायरीवर बसले.

"काकू आहेत?"

"उल्हासनगरला. कॅम्प एकला. बहिणीकडे."

"केव्हापासून?"

"तीन वर्षं होऊन गेली. या घरात ती आलीच नाही." त्यांनी निळी पेन्सिल खिशातून काढली, परत ठेवली. "मी सगळ्यांचे कागद आधी तपासले, ताई. माझा शेवटी उघडला. घराचे पैसे मी भरलेले. म्हणून माझं समजून चाललो."

मला इतका राग आला की काय सांगू. दुसऱ्याच्या चहाच्या कपाचं बूड बघणारा हा माणूस, आणि स्वतःच्या घराच्या पहिल्या पानावर कोणाचं नाव आहे हे बघायला त्याला सवड नव्हती! आमचे तीन महिने, टाकी, सगळं यांच्या एका गृहीतावर लटकलं होतं. मी हे सगळं बोलले. जिन्यात, मोठ्यानं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. आता मी मुख्य प्रवर्तकही राहू शकत नाही. मी या बिल्डिंगमध्ये कोणीच नाही."

दुसऱ्याच दिवशी सभा बोलावली. निबंधक कार्यालयातल्या कारकुनानं सांगितलं होतं की ठराव जोडला तर प्रवर्तक बदलता येतो. काकांच्या जागी माझं नाव आलं. ठराव त्यांनीच लिहून दिला, स्वतःला काढून टाकण्याचा, आणि त्यात दोन ठिकाणी 'सदर व्यक्तीच्या निष्काळजीपणामुळे' असं घातलं. मी ते खोडलं. त्यांनी परत घातलं.

गुरुवारी मी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि आम्ही उल्हासनगरला गेलो. सोमवारी मुदत संपत होती.

कॅम्प एकमध्ये लेस आणि बटणांच्या दुकानावर ते घर होतं. खाली खोकी रचलेली, त्यातून जिना शोधावा लागतो. दुकानदार सिंधी म्हातारा, ओळखीचा निघाला. "अरे साईं, बहुत दिन के बाद," तो काकांना म्हणाला. "टीचर ऊपर ही हैं." काकांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. जिन्याच्या कठड्याला हात लावला, हलवून बघितला, आणि मग पहिल्या पायरीवर तसेच उभे राहिले. मी मागून म्हटलं, "चला काका." एवढा वेळ मी चिडलेली होते. त्या क्षणी मात्र मला त्यांची कीव आली.

दार काकूंच्या बहिणीनं उघडलं. "भाऊजी!" एवढंच म्हणून ती आत गेली. काकू खिडकीशी खुर्चीवर होत्या. गोऱ्या, भरलेल्या अंगाच्या, जाड भिंगाचा चष्मा. अंबरनाथला प्राथमिक शाळेत त्यांनी पंचवीस वर्षं शिकवलं होतं, हे मला तिथे कळलं. त्यांनी मला "बसा" म्हटलं. काकांना काही म्हटलं नाही. ते उभेच राहिले.

मी सगळं सांगितलं. फक्कीच्या रेघा, टाकी, अठरा सह्या, सोमवार. काकूंनी अर्ज मागितला आणि वाचायला लागल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत, जोडपत्रांसकट. अर्धा तास. चहा आला, गार झाला. एकदा त्यांनी विचारलं, "टाकी मोडली तर पाणी कुठून देणार म्हणतात?" मी म्हटलं, टँकर. "हं," म्हणाल्या. "आणि ज्या दोघींनी सही दिली नाही, त्यांच्यावर तुम्ही डूख धरणार का?" मी गार चहाचा कप उचलला. "धरू नका. त्यांना घरी राहायचंय."

मग पेन घेतलं. कागदावर वाकल्या. मला त्यांची पाठच दिसत होती. बराच वेळ लागला.

काकांनी कागद उचलला. खिशातून कराराची झेरॉक्स काढली आणि दोन्ही सह्या शेजारी धरल्या. सवयच होती. याच आठवड्यात आमच्या चौघींच्या सह्याही त्यांनी अशाच धरल्या होत्या.

"ही जुळत नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, उठून यांच्या हातातली फाइल खाली दुकानात फेकावी.

"नाही जुळणार," काकू म्हणाल्या. त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. हात थरथरत होता. त्या थांबवायचा प्रयत्न करत नव्हत्या. "दीड वर्ष झालं. कंपवात आहे म्हणाले डॉक्टर."

काका बघत राहिले. इंचाचा शंभरावा भाग ज्या डोळ्यांना दिसायचा, ते डोळे त्या हातावरून हलेनात.

"मला सांगितलं नाहीस."

"विचारलं नाहीत."

"दर रविवारी फोन करत होतो."

"करत होतात. 'सगळं ठीक?' म्हणायचात. मी 'ठीक' म्हणायचे. सगळं म्हणजे काय, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत."

बहीण आतून म्हणाली, "अंगठा लाव ना ताई, कशाला नसती कटकट." काकूंचा आवाज चढला. "पंचवीस वर्षं पोरांच्या हाताला धरून अक्षरं गिरवून घेतलीत मी. मी अंगठा लावणार नाही."

काकांनी झेरॉक्स घडी करून खिशात टाकली. सही केलेला कागद फाइलमध्ये ठेवला. "ही राहू दे," म्हणाले. "हीच जाईल."

रिक्षात मी विचारलं, "वकिलानं हरकत घेतली तर? अठराच उरतील." त्यांनी फाइल मांडीवर घट्ट धरली. कपड्यांची दुकानं, हातगाड्या, फर्निचरच्या रांगा मागे गेल्या. मग म्हणाले, "मोजमाप जुनं झालं, ताई. भाग बरोबर आहे." आणि चष्मा काढून पुसत बसले. स्टेशन येईपर्यंत पुसत होते.

सोमवारी अर्ज गेला. आवक शिक्का पडला तेव्हा कार्यालय बंद व्हायला वीस मिनिटं होती. शेठनी कागद द्यायला असहकार केल्यामुळे त्यांचं म्हणणं ऐकायला तारीख पडली, तीन आठवड्यांनंतरची. त्या तारखेच्या सकाळी सात वाजता आमच्या खिडकीखाली जेसीबी येऊन उभा राहिला. ड्रायव्हरनं सांगितलं, "दुपारनंतर चालू करायचंय, शेठचा फोन आला की." म्हणजे शेठना निकालाची खात्री होती.

शेठचे वकील तरुण, हसतमुख. त्यांनी बाकी कशाला हातच लावला नाही. दोन कागद साहेबांपुढे ठेवले. "साहेब, पाचशे चारची ही करारावरची सही, ही अर्जावरची. शाळेतलं पोरही सांगेल. मग सह्या अठरा. बहुमत नाही. अर्ज फेटाळावा."

साहेबांनी दोन्ही कागद उजेडात धरले आणि माझ्याकडे बघितलं. "काय म्हणणं आहे?"

मी फाइल चाळायला लागले. मागे बाकावर काका बसले होते. ते उठले.

"साहेब, मी बोलू का?"

"तुम्ही सभासद आहात का?"

"नाही."

"मग नाही बोलता येणार." साहेब मला म्हणाले, "त्या बाईंना तीन वाजेपर्यंत हजर करा. नाही झाल्या, तर मी आहे या कागदांवर निकाल देईन."

सव्वाबारा झाले होते. काका धावत बाहेर पडले. सत्तरीचा माणूस, चपला हातात घेऊन. मी कार्यालयाच्या व्हरांड्यात उभी राहिले. एक वाजला. दोन. घरून नवऱ्याचा फोन, जेसीबीवाला जेवून आला, इंजिन चालू करून बसलाय. मी काकांना पाच वेळा फोन लावला, उचलला नाही. मला वाटलं, काकूंनी नकार दिला. का देऊ नये? तीन वर्षांनी हा माणूस एका सहीसाठी येतो, आणि आता दुसऱ्यांदा त्याच सहीसाठी येतो. मी असते तर दार लावून घेतलं असतं. तीनला दहा कमी असताना रिक्षा आली. काकू पुढे, काका मागे. काकूंनी मला बघून नुसती मान हलवली.

साहेबांनी खुर्ची दिली, कोरा कागद दिला. वकील म्हणाले, "साहेब, हात इतका हलतोय, बाईंना आपण कशावर सही करतोय ते तरी कळतंय का?"

काकूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "हात हलतो. डोकं नाही," म्हणाल्या. मग साहेबांना अर्जातली कलमं सांगायला लागल्या. संस्थेचं नाव, सर्व्हे नंबर, टाकी कुठे, बाग कुठे, कितव्या जोडपत्रात काय. साहेबांनी शेवटी हात वर केला, पुरे. मग त्यांनी सही केली. एकेक अक्षर. पहिलं अक्षर रेघेखाली गेलं, दुसरं वर. अर्जावरच्या सहीशी ती जुळली, वेडीवाकडी तशीच्या तशी.

साहेबांनी स्वतः खाली लिहिलं, 'माझ्यासमक्ष.'

त्याच संध्याकाळी आदेश निघाला, संस्था नोंदली गेली. पहिलं पत्र मी लिहिलं, जावक क्रमांक एक, टाकीवरच्या बांधकामाला हरकत. नगरपालिकेचा माणूस येऊन जेसीबी थांबवून गेला. पुढचं भांडण अजून चालू आहे, पण आता भांडायला 'आम्ही कोण' ते सांगावं लागत नाही.

काका नंतर त्या फ्लॅटमध्ये फार दिवस नव्हते, आणि आता ते या जगातही नाहीत. पण त्यांची आठवण काढायची तर मला पहिल्या सर्वसाधारण सभेचा दिवस आठवतो.

सभा पार्किंगमध्ये होती. काकू उल्हासनगरहून बहिणीबरोबर आल्या. सुनावणीच्या दिवशीही त्या कार्यालयातून परस्पर परत गेल्या होत्या. सभासद म्हणून पहिल्या रांगेत बसल्या. काका खुर्च्या संपतात तिथल्या खांबापलीकडे उभे. सगळे म्हणाले, या काका, बसा. ते म्हणाले, "मी सभासद नाही." ज्यानं संस्था उभी केली तो माणूस बाहेर उभा, हे बघून मला कसंतरी होत होतं. विषय क्रमांक चार, सहयोगी सभासद करून घेणे. त्यात एकच अर्ज होता, त्यांचा. घर ज्याच्या नावावर त्याची संमती असली तर घरातल्या दुसऱ्या माणसाला सहयोगी होता येतं. अर्जाला सगळं जोडलं होतं. संमतीची जागा कोरी.

मी विचारलं, "काकू, तुमची संमती आहे का?"

"नाही."

सभेत चुळबुळ झाली. काकूंनी पर्समधून जाड पाकीट काढलं. "हे रजिस्टर पोस्टानं आलं. तेवीस पानं आहेत. खूण केलेली, इथे सही करा म्हणून. पण मला कोणी विचारलेलं नाही."

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी जणू कार्यालयातली कारकून. "विचारायचं म्हणजे कसं? कुठला नमुना?"

"याला नमुना नाही, काका," मी म्हटलं.

ते खांब सोडून आले. खुर्च्यांच्या मधून, सगळ्यांच्या देखत, काकूंच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. हातात फाइल नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं.

"तुझ्या घरात मी राहू का?"

काकूंनी मांडीवरचा थरथरता हात दुसऱ्या हातानं धरला. मग हळू बोलल्या, पण पार्किंगमध्ये सगळ्यांना ऐकू आलं. "रोज रात्री मी गॅस बंद करायचे. मी झोपले की तुम्ही उठायचात आणि बंद आहे का ते बघायचात. लग्न झाल्यापासून. एक दिवस नागा नाही. मला जाग असायची. उद्यापासून मी बंद केला की बंद. तुम्ही उठायचं नाही. चालेल?"

काका विचार करत राहिले. खोटं त्यांना बोलताच येत नसे, त्यामुळे वेळ लागला.

"मला झोप लागणार नाही," ते म्हणाले.

"नको लागू दे," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे पेन मागितलं.